मामांचं ‘व्हय’

आमच्याकडं सासऱ्यांना मामा म्हणतात आणि सासूला आत्ती. आमचे मामा शाहूवाडी तालुक्यातले, मलकापूरहून आंब्याला जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका वाडीचे. १९६० साली मुंबईला गेले आणि परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, लागले. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. वर्षभर वाट बघून मामा गावी परतले ते कायमचे. येताना पत्र्याची ट्रंक आणली, गाळ्यातलं भिंतीवरचं घड्याळ आणलं, आणि बावीस वर्षं साच्यांचा खडखडाट सोसलेले दोन कान आणले. कानांचं आम्हाला कळायला पुढची चाळीस वर्षं गेली.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पहिलीतलं पोर ऐकत नसेल तर रागवायच्या आधी त्याचा कान बघ, असं नोकरीच्या पहिल्याच वर्षी आमच्या मोठ्या बाईंनी सांगितलं होतं. शाळेत हा नियम मी पाळला. घरी पाळायचं सुचलं नाही. खालचं सगळं त्या चुकीतून आलेलं आहे.

१. ‘व्हय’वर समाधान मानू नये.

मामांना काहीही विचारा, उत्तर ‘व्हय’. जेवलात? व्हय. पाऊस थांबला का? व्हय. आता जेवताय का मागनं? व्हय. आम्ही हसायचो. समोरचा हसला की हसायचं, त्यानं मान हलवली की आपणही हलवायची, हे ऐकू न येणाऱ्या माणसाच्या अंगात इतकं मुरतं की घरच्यांनाही पत्ता लागत नाही. त्यात आत्ती कायम मामांच्या उजव्या हाताला बसायच्या. कुणी काही विचारलं की मामांकडं तोंड करून म्हणायच्या, “अवो, भात किती पोती झाला इचारत्यात.” मग मामा उत्तर द्यायचे. मला वाटायचं, ह्यांना नवऱ्याच्या बोलण्यात तोंड घालायची खोड आहे.

२०१८ च्या दिवाळीनंतर आत्ती गेल्या. दोन-तीन महिन्यांत भावकी म्हणायला लागली, बायको गेल्यापासून म्हातारा भ्रमिष्ट झाला. मामांची दुभाषी गेली होती, एवढं साधं कुणाच्या ध्यानात आलं नाही.

पुढं करोनाचं २०२० साल आलं. साचेखात्यात शेजारच्या साच्यावरच्या माणसाचा शब्द ऐकू यायचा नाही. तिथं ओठ आणि हात बघूनच बोलणं चालायचं, त्यामुळं मामा ओठ वाचण्यात तयार होते. सगळ्यांनी तोंडाला मास्क बांधले आणि मामांचा तोही आधार गेला. त्या वर्षी ते सोप्यावरच्या आरामखुर्चीत भिंतीकडं तोंड करून बसायला लागले.

२. आधी मळ काढून घ्या.

फार लिहिण्यासारखं काही नाही. मामांचा डावा कान मळानं पूर्ण बुजला होता. कोमट तेल घालणं, काडी घालणं हे सगळं आम्ही करून बसलो होतो, त्यानं मळ आणखी आत गेला. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दहा मिनिटांत काढला. कानाच्या मशीनला हजारो रुपये घालायच्या आधी हे करायला हवं. पुढं मशीन वापरताना दर तीन-चार महिन्यांनी पुन्हा दाखवायला हवं, कारण कानात मशीनचा साचा बसला की मळ बाहेर पडायला वाट राहत नाही.

३. विसरण्याची परीक्षा कानाच्या परीक्षेनंतर घ्यावी.

आम्ही उलटं केलं. एका मोठ्या दवाखान्यात मामांना नेलं. टेबलाच्या पलीकडं डॉक्टर, तोंडाला मास्क, डोक्यावर पंखा गरगरतोय. “आजोबा, तीन शब्द सांगतो, लक्षात ठेवा, नंतर विचारीन.” मामा म्हणाले, “व्हय.” पाच मिनिटांनी डॉक्टरांनी विचारलं, सांगा कुठले शब्द होते? मामा म्हणाले, “व्हय.” कागदावर स्मृतिभ्रंश लिहून आला, मध्यम स्वरूपाचा. जे कानात शिरलंच नाही ते डोक्यातनं निघणार कुठनं, असं तिथं विचारायला मला तोंड नव्हतं, कारण मीही तीन वर्षं तेच करत होते.

पुढच्या खेपेला कोल्हापुरातल्या दुसऱ्या डॉक्टरबाईंनी गोळ्यांची फाईल बाजूला सारली आणि विचारलं, कान कधी तपासलेत? त्यांनी कान तपासणाऱ्या ऑडिओलॉजिस्टकडं पाठवलं. आवाज आला की बटण दाबायचं, अशी ती तपासणी असते. मामा दोनदा दाबायचे आणि मग बटण हातात आहे हेच विसरायचे. त्या ऑडिओलॉजिस्ट मुलीनं बटण काढून घेतलं. मामांच्या समोर बसली आणि खुणेनं सांगितलं, आवाज आला की नुसतं ‘व्हय’ म्हणायचं. काचेच्या पेटीसारख्या त्या खोलीत मामा अर्धा तास ‘व्हय’, ‘व्हय’ म्हणत बसले आणि पहिल्यांदाच त्यांच्या ‘व्हय’ला काही अर्थ होता. ज्यांना एवढंही जमत नाही त्यांच्यासाठी बेरा नावाची तपासणी असते. डोक्याला तारा चिकटवून, आवाज मेंदूपर्यंत पोचतोय का ते यंत्र बघतं. त्यात माणसानं काही सांगावं लागत नाही.

मशीन बसवल्यावर दोन महिन्यांनी डॉक्टरबाईंनी विसरण्याची परीक्षा पुन्हा घेतली. जवळ बसून, मास्क उतरवून, पंखा बंद करून. स्मृतिभ्रंश होताच. वार सांगता आला नाही, नातवंडांची नावं उलटीपालटी झाली. पण आधीच्या कागदावरचं ‘मध्यम’ जाऊन ‘सौम्य’ झालं. भारतात साठी ओलांडलेल्या शंभरांतल्या सातांहून अधिक जणांना स्मृतिभ्रंश आहे, असा देशभर पाहणी करून काढलेला अंदाज आहे. म्हणजे आमच्यासारखी घरं गावोगाव असणार. त्यातल्या किती जणांचा कान कुणी बघितला असेल, हा माझा प्रश्न आहे.

४. मुलाचं ऐकतात आणि सुनेचं ऐकत नाहीत, ह्याला कारण असू शकतं.

कानाच्या तपासणीचा आलेख मिळतो. मामांचा आलेख डाव्या बाजूला बऱ्यापैकी सपाट होता आणि उजवीकडं आंबा घाटाच्या कड्यासारखा एकदम खाली गेलेला. डावीकडं जाड आवाज, उजवीकडं बारीक. वयानं आणि गोंगाटानं कान जातो तो आधी बारीक आवाजांचा. आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलपेक्षा जास्त आवाज नसावा असा कारखान्यांचा नियम आहे. साचेखात्यातला खडखडाट त्याच्या वरचा.

ह्याचा घरातला अर्थ असा. अ, आ, ओ हे स्वर जाड, ते पोचतात. स, श, फ, थ, क, ट ही व्यंजनं बारीक, ती गळतात. सात, हात, भात, खात सगळ्यांचं मामांच्या कानात ‘आत’ होतं. मी म्हणायची, “हात धुवून घ्या.” मामा म्हणायचे, “भात नगं.” आम्ही एकमेकांकडं बघून मान हलवायचो, बघा, कुठला कुठं संबंध! संबंध होता. शब्द अर्धा पोचला होता आणि उरलेला त्यांनी अंदाजानं भरला होता.

बायकांचा आणि पोरांचा आवाज बारीक. आमच्या ह्यांचा जाड. मामा मुलाला उत्तर द्यायचे, मला नाही. दहा-बारा वर्षं मी ते मनाला लावून घेतलं होतं, माहेरी जाऊन रडलेही होते. तो सगळा राग त्या एका कागदावर संपला. थोडी लाजही वाटली.

५. ओरडू नये.

ओरडल्यावर स्वर मोठे होतात, व्यंजनं तितकी होत नाहीत. शिवाय ओरडणाऱ्याचा चेहरा रागावलेला दिसतो. विसरणाऱ्या माणसाला शब्द राहत नाहीत, चेहरा राहतो. मामा संध्याकाळी म्हणायचे, “मी काय केलं रं, सगळी माझ्यावर का खवळल्यात?”

आम्हाला जमलेलं असं: पाठीमागनं बोलायचं नाही. समोर, उजेडात, हाताच्या अंतरावर बसायचं. आधी दंडाला हात लावायचा, त्यांनी बघितलं की मग बोलायचं. आवाज जरा जाड करायचा. एका वेळी एकच गोष्ट. आणि मग थांबायचं. हे थांबणं सगळ्यांत अवघड. मी घड्याळात बघितलंय, मामांचं उत्तर कधीकधी दहा-बारा सेकंदांनी यायचं. तेवढ्यात आम्ही तिसऱ्यांदा विचारून मोकळे झालेलो असायचो, आणि दर वेळी वेगळ्या शब्दांत. म्हणजे त्यांनी जुळवत आणलेलं पुन्हा विस्कटायचं.

६. मशीन बाजारातनं चष्म्यासारखं उचलून आणू नये.

पहिलं मशीन आम्ही एका जाहिरातीवरनं मागवलं, तीन हजारांचं. ते सगळ्याच आवाजांना सारखं मोठं करायचं. मामांना जे ऐकू येत होतं ते दणादणा वाजायला लागलं आणि जे येत नव्हतं ते आलंच नाही. चौथ्या दिवशी त्यांनी ते परड्यात फेकलं. खरं मशीन आलेखाप्रमाणं बसवतात. जिथं कान गेलाय तिथंच आवाज वाढवतात, बाकी ठिकाणी कमी ठेवतात. बसवणारी व्यक्ती ऑडिओलॉजिस्ट आहे का, भारतीय पुनर्वास परिषदेकडं तिची नोंदणी आहे का, हे विचारायला लाजू नये.

खर्चाचं म्हणाल तर आम्ही साधं डिजिटल घेतलं, एका कानाला सोळा हजार. लाखाच्या पुढचीही असतात. म्हाताऱ्या बोटांना आणि विसराळू डोक्याला जितकी कमी बटणं तितकं बरं, हे ऑडिओलॉजिस्टनीच सांगितलं. खिशात ठेवायचं, वायर असलेलं जुन्या पद्धतीचं मशीन दिसायला ओबडधोबड, पण हरवत नाही आणि बटण हाताला लागतं, त्यालाही नाक मुरडू नये. सरकारी मदत आहे: ६५ वर्षांच्या पुढच्या, वर्षाला दोन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या माणसाला मुख्यमंत्री वयोश्री योजनेतनं एकदाच ३००० रुपये मिळतात, त्यात श्रवणयंत्र बसतं. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून आहे, तिची शिबिरं भरतात. कोल्हापुरात सीपीआर हे सरकारी रुग्णालय आहे. आणि शाहूवाडीतल्या घराघरातनं कुणी ना कुणी मुंबईत असतंच, त्यांनी वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत चौकशी करावी. ही वाचा-श्रवणाची राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ पासूनची.

७. पहिले पंधरा दिवस जिवावर येतात.

पहिल्या दिवशी मामा जेवायला बसले. पहिला घास तोंडात घेतला आणि थांबले. इकडंतिकडं बघितलं. “कोण खातंय रं एवढं कराकरा?” स्वतःच्या भाकरीचा आवाज होता. कान बुजवला की स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो, हे आम्हाला सांगितलं होतं. मामांना ते सांगून उपयोग नव्हता, कारण ते दर जेवणाला नव्यानं विचारायचे. मग जेवताना मशीन काढायचं ठरवलं. पहिल्या आठवड्यात सकाळी अर्धा तास, पुढं तास, पुढं दुपारपर्यंत. संध्याकाळी त्यांचं डोकं थकतं, तेव्हा आजही काढून ठेवतो.

दुसरी अडचण टोपीची. मामा गांधी टोपीशिवाय उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाहीत आणि टोपी कानावर आली की मशीन शिट्टी मारतं. मशीनचा आवाज बाहेर सांडून पुन्हा त्याच्याच माइकात शिरतो म्हणून ती शिट्टी. टोपी सोडा म्हणायची कुणाची छाती नव्हती. शेवटी एक माप मोठी टोपी आणली, ती वर राहते. मफलरचं कोडं अजून सुटलेलं नाही.

मशीनला दोरा बांधून तो सदऱ्याच्या कॉलरला अडकवा. आम्ही हे दुसरं मशीन रोपलावणीच्या चिखलात गेल्यावर शिकलो. दोन कानांना दोन घेतली होती, आता उजव्याचंच उरलंय.

८. शाहूवाडीच्या पावसाचं काय करायचं ते कुठल्याच पुस्तिकेत नाही.

आमच्या सोप्यावर पत्रा आहे. जूनपासून त्याच्यावर जो पाऊस बडवतो त्यात धडधाकट माणसाचंही बोलणं ऐकू येत नाही. मशीन घातलं की मामा दोन्ही हातांनी डोकं धरायचे. एकदा म्हणाले, “साचं चालू झालं व्हय?” त्या दिवसापासून पावसाळ्यात मामांची खाट माजघरात हलवली, तिथं कौलं आहेत. मशीन कितीही चांगलं असलं तरी जागा वाईट असेल तर फुकट. टीव्ही आणि मिक्सर बंद करता येतात, पत्रा बंद करता येत नाही.

ओलीनं मशीन मरतं. उबेला म्हणून मी ते चुलीवरच्या फळीवर ठेवलं होतं, तर कानातल्या साच्याचं प्लास्टिक वाकलं. आता झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून रात्री त्यात ठेवते, सेलचं दार उघडं टाकून. सेलवर रंगीत चिकटपट्टी असते. ती काढली की सेल हवेवर चालू होतो, मग वापरा न वापरा, संपत जातो. म्हणून आधीच सगळ्या पट्ट्या काढून ठेवू नयेत. सेल नको म्हणून चार्जिंगचं मशीन घ्यावं, तर आमच्याकडं पावसात दोन-दोन दिवस लाईट नसते.

एका दुपारी मशीन सापडेना. सगळं घर पालथं घातलं. मामा शांतपणे चंची सोडून बसले होते. चुन्याची डबी, तंबाखू, दोन सुपाऱ्या, आणि त्यांच्यामधे मशीन आणि त्यातनं निघालेला सेल. सेल अगदी गोळीसारखा दिसतो. तो तोंडात जायला किती वेळ लागला असता? तेव्हापासून जुने सेल मोजून परत घेते आणि लगेच टाकून देते. कुणी गिळलाच तर केळं-बिळं खायला घालत बसू नका, तडक दवाखाना गाठा.

९. पाटी-पेन्सिल.

ही माझ्या शाळेची देणगी. मामा चौथी शिकलेले. विसरायला लागल्यावरही माणसाचं वाचणं बरेच दिवस टिकतं, हे डॉक्टरबाईंनी सांगितलं आणि मी दुसऱ्या दिवशी घरात पाटी आणली.

सप्टेंबर २०२३ मध्ये म्हाडानं गिरणी कामगारांच्या घरांच्या अर्जांची कागदपत्रं तपासायला सुरुवात केली. १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर कामावर असलेल्यांचे ते अर्ज. आम्ही मामांना घेऊन एका केंद्रावर गेलो. संगणकाच्या पडद्याआडनं तरुण मुलानं विचारलं, “आजोबा, गिरणीतला तिकीट नंबर?” मामा म्हणाले, “व्हय.” पुन्हा विचारलं, पुन्हा “व्हय.” तो मला म्हणाला, “ह्यांना काही कळत नाही, तुम्हीच सांगा.” मला काय माहीत! जुनं कार्ड वाळवीनं खाल्लेलं. मी पिशवीतनं पाटी काढली आणि मोठ्या अक्षरात लिहिलं: तिकीट नंबर?

मामांनी पाटी मांडीवर घेतली. अक्षरांवरनं बोट फिरवलं. माझ्या हातातली पेन्सिल घेतली, चार आकडे लिहिले, एकही खाडाखोड नाही. मग जरा थांबून खाली लिहिलं: साचेखातं, रातपाळी. सकाळी काय खाल्लं ते त्यांना सांगता आलं नसतं. नंबर नंतर मिळालेल्या एका जुन्या पगारचिठ्ठीशी ताडून बघितला, बरोबर होता. घर अजून मिळालेलं नाही.

ज्यांना अक्षरओळख नाही त्यांना वस्तू दाखवा. डावीकडं चहाचा कप, उजवीकडं ताकाचा पेला. बोट दाखवणं हेही बोलणंच आहे.

१०. मशीनचा एक तोटा कुणी सांगितला नव्हता.

मामा अधनंमधनं विचारतात, “तुझी आत्ती कुठं गेली?” पूर्वी मी म्हणायची, त्या वारल्या की मामा. त्यांना ऐकू यायचं नाही, ‘व्हय’ म्हणून गप्प व्हायचे. मशीन घातल्यावर पहिल्यांदा त्यांनी विचारलं आणि मी नेहमीसारखं उत्तर दिलं. त्यांना स्पष्ट ऐकू आलं. दुपारी पुन्हा विचारलं, पुन्हा ऐकू आलं. दोन्ही वेळा ते आत्तींच्या मातीला आल्यासारखे रडले. आता त्यांनी विचारलं तर मी म्हणते, “आत्तींची आठवण आली व्हय? त्या पुरणपोळी कशी करायच्या सांगा बघू.” ह्याला कुणी खोटं म्हणो.

११. मशीननं विसरणं बरं होत नाही.

लोक विचारतात, म्हणून लिहिते. लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ साली स्मृतिभ्रंशाला हातभार लावणाऱ्या आणि टाळता येण्याजोग्या चौदा गोष्टी सांगितल्या, त्यात बहिरेपण आहे. पण तो सल्ला आधीच्या वयाचा, चाळिशी-पन्नाशीचा. अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांवर तीन वर्षं प्रयोग झाला, २०२३ मध्ये त्याचा निकाल आला. सगळे मिळून बघितले तर मशीन वापरणाऱ्यांत आणि न वापरणाऱ्यांत फरक दिसला नाही. ज्यांना आधीपासून धोका जास्त होता त्यांच्यात मात्र घसरण बरीच हळू झाली. आणि ह्या लोकांना प्रयोगाच्या सुरुवातीला स्मृतिभ्रंश नव्हता. मामांचं विसरणं दर वर्षी थोडं वाढतंच आहे. फरक एवढाच पडला की आरामखुर्ची भिंतीकडनं पुन्हा अंगणाकडं वळली आणि माणूस भांडायला लागला. परवा मला म्हणाले, आमटीत मीठ न्हाई. मीठ खरंच नव्हतं.

१२. तुमच्या घरात प्रत्येक गोष्टीला मान डोलावणारं म्हातारं माणूस असेल तर उद्या सकाळी एवढं करा. पंखा, टीव्ही बंद करा, त्यांच्या पाठीमागं दोन पावलांवर उभं राहा आणि नेहमीच्या आवाजात विचारा: चहा घेणार की ताक? उत्तर ‘व्हय’ आलं, तर विसरण्याच्या डॉक्टरकडं जायच्या आधी कानाच्या डॉक्टरकडं जा.